अर्धी ओस्ती

रविवार, ७ सप्टेंबर

नळ चालू होता. वेळेवर बंद केला म्हणून बरं. नाहीतर आज माझ्या हातून काय झालं असतं, याचा विचार करायलाही मन धजत नाही.

झालं असं. पोस्टमास्तर गेले आणि बाबा तोंड वेडंवाकडं करायला लागले. कवळी टोचत असेल म्हणून मी वरची काढून घेतली आणि बेसिनकडे गेले. ही कवळी मीच बनवलेली. तो माझा धंदाच आहे. दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या हिरड्यांचे ठसे, प्लास्टर आणि गुलाबी मेण. कवळी हातात घ्यायला मला कसली किळस? ब्रश लावणार तेवढ्यात आतून, टाळूच्या जागी, काहीतरी पांढरं चिकटलेलं दिसलं. वाटलं, केळ्याचा तुकडा. नखानं काढायला गेले आणि हात मागे घेतला. ओस्ती होती ती. नुकतीच पोस्टमास्तरांनी चर्चमधून आणून बाबांना दिलेली. सगळी नाही, अर्धाच तुकडा.

ओस्ती म्हणजे काय ते मला लिहायची गरज नाही, पण लिहिते, म्हणजे भीती जरा ताब्यात येईल. बिनखमिराच्या गव्हाच्या पिठाची पातळ पांढरी चकती. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर तिच्यावर येशूचे शब्द उच्चारतात आणि मग ती भाकर राहत नाही, ख्रिस्ताचं शरीर होते. बारीकात बारीक कणसुद्धा पूर्ण ख्रिस्त. हे मला बाबांनी शिकवलं. पक्षाघातानं त्यांची उजवी बाजू आणि वाचा नेली त्याआधी वर्षानुवर्षं ते चर्चमध्ये वेदीची कापडं बदलायचे, प्याले पुसायचे. "कण पडला असं वाटलं तर पाय उचलायचा नाही, आधी डोळ्यांनी शोधायचं," असं म्हणायचे.

आणि मी तो कण चालू नळाखाली धरणार होते!

मग त्यांनीच सांगितलेलं आठवलं. काचेच्या ग्लासात पाणी घेतलं. निम्मं पाणी ओट्यावर सांडलं. तुकडा त्यात सोडला, वर स्वच्छ रुमाल झाकला आणि ग्लास आईच्या फोटोशेजारी फळीवर ठेवला. विरघळून भाकरीचं रूप उरलं नाही की ते पाणी मातीत ओतायचं असतं.

गंमत म्हणजे मी स्वतः ओस्ती घेतच नाही. आई गेल्यापासून घेतलेली नाही. तरी संध्याकाळपासून त्या फळीकडे पाठ करून बसायची हिंमत होत नाहीये.

सोमवार, ८ सप्टेंबर

दादा-वहिनी समोरच्याच इमारतीत राहतात. मी लॅबला गेले की बाबांजवळ वहिनी बसते. आज एका बाईची कवळी पॉलिशच्या चाकावर धरली होती आणि एकदम आठवलं, ग्लासाचं वहिनीला सांगितलंच नाही! मालकीणबाईंना म्हटलं डोकं दुखतंय, आणि धावत घर गाठलं.

वहिनी ग्लास हातात घेऊन उभी. "वन्सं, हे कसलं औषध? वास घेतला, काहीच येत नाही." मला चिडवायचं असलं की ती वन्सं म्हणते.

"खाली ठेव!" मी अशी किंचाळले की आतल्या खोलीत बाबा दचकले.

सगळं सांगितलं. तिचाही चेहरा उतरला. ग्लास दोन्ही हातांनी जागेवर ठेवला, रुमाल नीट केला. मग जराशानं म्हणते, "पण तुला तर हे आता पटत नाही ना? मग बेसिनमध्ये ओतून मोकळं व्हायचं. तू कशाला एवढी घाबरतेस?"

"बाबांना पटतं ना," मी म्हटलं.

ती हसली. यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

बुधवार, १० सप्टेंबर

तुकडा विरघळला. नुसतं जरा गढूळ पाणी राहिलं. खिडकीतल्या कोरफडीच्या कुंडीत ओतलं. ओतल्यावर मनात आलं, कुंडीतली माती माती धरायची का? उद्या कुणी कुंडी उचलून फेकली तर? वहिनीला ताकीद दिली, या कुंडीला हात लावायचा नाही.

"आणि मला केसांना कोरफड लागली तर?"

"गप्प बस गं!"

दोघी हसलो. मग हसल्याचीही भीती वाटली.

शनिवार, १३ सप्टेंबर

साधं कारण आहे. बाबांचे गाल आत गेलेत, हिरड्या बारीक झाल्यात, म्हणून कवळी सैल पडली आणि ओस्ती तिच्या आत शिरली. गुरुवारी ठसा घेतला, कवळीला आतून नवा थर दिला, घासूनपुसून आज बसवली. जरासुद्धा हलत नाही. खात्री करायला बोट आत घातलं तर बाबांनी ते हळूच चावलं आणि चेहऱ्याच्या चांगल्या बाजूनं हसले. पक्षाघातानंतर पहिल्यांदा हसले. माझा जीव भांड्यात पडला.

उद्या काही होणार नाही. कवळीचं काम मला कळतं.

रविवार, १४ सप्टेंबर

झालं. आणि कवळीमुळे नाही झालं.

पोस्टमास्तर नेहमीच्या वेळेला आले. पोस्टातून निवृत्त होऊन जमाना झाला, पण नाव तेच चिकटलंय. बाबांचे जुने दोस्त. मिस्सेनंतर आजारी माणसांच्या घरी ओस्ती पोचवायचं काम फादरांनी त्यांना दिलंय. छोटी सोनेरी डबी गळ्यात, शर्टाच्या आत. वाटेत कुणाशी बोलत नाहीत, कुणी हाक मारली तर नुसती मान हलवतात. दारात आले की म्हणतात, "आलोय आम्ही." पहिल्यांदा म्हणाले तेव्हा वहिनीनं दुसरं कोण आलंय म्हणून वाकून जिन्यात पाहिलं होतं. दुसरा तो डबीत होता.

ते आले की मी स्वयंपाकघरात जाते. आजही चहाचं आधण ठेवलं. बाबा डाव्या तळहातावर ओस्ती घेतात आणि स्वतःच तोंडात घालतात. तेवढं त्यांना येतं. प्रार्थना झाली, चहा झाला, पोस्टमास्तर गेले. मी बाबांजवळ आले तर ते रुमाल पुढे करत होते. धुवायला देत असतील म्हणून घेतला. आत काहीतरी कडक लागलं. उलगडला.

अर्धी ओस्ती. कोरडी ठणठणीत.

तिथेच पलंगाच्या कडेला टेकले. तुकड्याची कड सरळ होती. दातांनी तोडलेली कड कशी दिसते ते मला कुणी शिकवायला नको. ही अंगठ्यानं दाबून मोडलेली होती. म्हणजे मुद्दाम! गेल्या रविवारीही अर्धीच होती, हे मला तेव्हा का नाही खटकलं?

"बाबा, असं का केलंत?" हळूच विचारलं. ते एकटक माझ्याकडे बघत राहिले. रुमाल पुन्हा माझ्याकडे ढकलला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

बाबांचा विश्वास उडाला की काय? माझा गेला तर गेला. मी कुणाच्या खिजगणतीत आहे? पण बाबांचा? मग या घरात उरलं काय? की डोक्यावर परिणाम झालाय आणि ते काय करतायत हे त्यांनाच कळत नाहीये? दोन्हीतलं जास्त भयंकर कुठलं तेही मला ठरवता येत नाही.

पुन्हा ग्लास, पुन्हा झाकण, पुन्हा फळी. पोस्टमास्तरांना सांगितलं नाही. सांगितलं आणि त्यांनी येणं बंद केलं तर? बाबांचं दुसरं राहिलंय काय आता?

मंगळवार, १६ सप्टेंबर

विचार करकरून एक कारण सापडलं. पूर्ण ओस्ती घशात अडकेल असं त्यांना वाटत असणार, म्हणून अर्धी बाजूला काढतात आणि मला उचलायला सांगतात. दुसरं काय असणार? जरा बरं वाटलं. गिळणंबाईंना बोलावलं. म्हणजे आजाऱ्यांना गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई. हे नाव वहिनीनं ठेवलंय आणि त्यांच्यासमोर ते माझ्या तोंडून निघू नये म्हणजे मिळवली.

बाईंनी चमच्यानं पाणी दिलं, बाबांच्या गळ्यावर बोटं ठेवली. बाबा खोकले. घशात पाणी खुळखुळत असल्यासारखा श्वास येत होता.

"पाणी थोडं श्वासनलिकेत उतरतंय," बाई म्हणाल्या. "कोरडं, चुरा होणारं काही द्यायचं नाही. बिस्किट नाही, टोस्ट नाही."

"आणि ओस्ती?"

त्यांना ते माहीत नव्हतं. सांगितलं. केवढी असते, कशी विरघळते, सगळं विचारून घेतलं त्यांनी. मग म्हणाल्या, "तुम्ही कवळ्या बनवता, तुम्हाला सांगायला नको. असली चकती टाळूला चिकटते आणि ओली झाली की मागे घसरते. नकोच ती. फारच हवी असेल तर तिळाएवढा कण, घट्ट करायची पावडर घातलेल्या पाण्याच्या चमच्यातून. तोही तुमच्या जबाबदारीवर."

"नाहीतर?"

"फुप्फुसात जाईल. आणि या वयात..."

अशी अर्धी सोडलेली वाक्यं ऐकली की माझी बोबडी वळते.

बाबा सगळं ऐकत होते. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

पोस्टमास्तरांना फोन करायला हवा. रोज फोन उचलते आणि ठेवते. काय सांगू? तुम्ही गळ्यात घालून आणता त्यानं माझे बाबा मरतील? जीवनाची भाकर म्हणतात हो तिला!

आज लॅबमध्ये टाळूचा एक साचा ओतत होते आणि माझी पहिली ओस्ती आठवली. चावली तर आतून रक्त येतं, असं वर्गातल्या एका मुलीनं मला सांगून ठेवलं होतं. फादरांनी जिभेवर ठेवली आणि ती गेली टाळूला चिकटून. जिभेनं सोडवायची छाती होईना. मिस्सा संपली, सगळे अंगणात आले, मी आपली तोंड घट्ट मिटून उभी. बाबांनी विचारलं, "काय गं, बोलत का नाहीस?" मी तोंडाकडे बोट दाखवलं. ते पोट धरून हसले. मग खाली बसून म्हणाले, "असू दे चिकटलेली. त्याला काही घाई नाहीये. तो आपणहून विरघळतो."

आईच्या दफनाच्या मिस्सेत काय झालं ते मी कुणाला सांगितलं नाही. इथे लिहिते. शवपेटी वेदीसमोर होती. ओस्तीची रांग लागली. रांगेत जायचं, फादर म्हणणार "ख्रिस्ताचं शरीर", आणि आपण म्हणायचं "आमेन". म्हणजे हो, खरं आहे, मी मानते. मला तिथे एकच शरीर दिसत होतं आणि थोड्या वेळानं त्यावर माती पडणार होती. आमेन काही घशातून वर येईना. आणि खोट्या तोंडानं ती घ्यायची नाही, हेही बाबांनीच शिकवलेलं. मी गुडघे एका बाजूला वळवले, बाकातल्या बाकीच्यांना वाट करून दिली आणि बसून राहिले. तेव्हापासून दर रविवारी गुडघेच वळवत आले.

बाबांनी यावर कधी चकार शब्द काढला नाही. फक्त रांगेतून परत येताना माझ्या बाकापाशी जरा थांबायचे, तोंड मिटलेलं, आणि मग पुढे सरकायचे. पाय दुखत असतील.

रविवार, २१ सप्टेंबर

आज पोस्टमास्तरांना दारातच अडवलं. "आलोय आम्ही" म्हणायच्या आत बाईंचं सगळं बोलणं सांगून टाकलं. रुमालाचंही सांगितलं. वाटलं, आता चिडणार. ते चिडले नाहीत.

"कण पुरे आहे, पोरी," म्हणाले. "कणात काही तो कमी भरत नाही."

चमचा तयार करून दिला आणि मी स्वयंपाकघरात आले. दार किलकिलं ठेवलं. कान तिकडेच.

चमचा तोंडाशी गेला आणि बाबांनी ओठ घट्ट मिटले! पोस्टमास्तर ताटकळले. बाबांनी डाव्या हाताचं बोट डबीकडे केलं. "अहो, सगळी नाही देता येणार तुम्हाला," पोस्टमास्तर समजावत होते. बाबांनी मान हलवली, पुन्हा डबीकडे बोट, आणि मग बोट थेट माझ्या दाराकडे. पोस्टमास्तरांनी वळून पाहिलं. मग त्यांनी डबीतली ओस्ती काढून बाबांच्या तळहातावर ठेवली आणि मला हाक मारली.

मी गेले. बाबांनी अंगठ्यानं ओस्ती तळव्यातच मोडली. एक तुकडा त्यांच्या छातीवरच्या कापडावर पडला. दुसरा त्यांनी बोटांत धरला आणि माझ्यासमोर केला.

"बघितलंत ना," मी पोस्टमास्तरांना म्हटलं, "गिळवत नाही म्हणून मला काढून घ्यायला सांगतायत."

"अगं पोरी, मला वाटतं ते तुला..."

"माझ्या बाबांना काय हवंय ते मला कळतं!"

इतक्या जोरात बोलले की मलाच लाज वाटली. बाबांच्या हातातला तुकडा पोस्टमास्तरांनी हळूच सोडवून घेतला. तिळाएवढा कण चमच्यातून बाबांना दिला, बाकीचं स्वतः घेतलं, छातीवरचं कापड वाकून वाकून तपासलं. कण गिळताना बाबा खोकले. मग त्यांनी डोळे मिटून घेतले आणि दुपारच्या जेवणालाही उघडले नाहीत. मी तीनतीनदा हाका मारल्या.

माझ्यावर कशाला रागवायचं? मी तर त्यांचा जीव वाचवायला बघतेय.

बुधवार, २४ सप्टेंबर

काल दुपारपासून ताप. श्वास घरघरतोय. डॉक्टर येऊन गेले. फुप्फुसात जंतू झालेत म्हणाले.

"रविवारी एक कण घेतला होता त्यांनी, तो खोकताना..." मला पुढे बोलवेना.

"स्वतःची लाळसुद्धा आत जाते हो या अवस्थेत. एका कणाचं काय घेऊन बसलात." डॉक्टर आपले सहज बोलून गेले. मला नाही सहज ऐकता आलं. तो कण असेल तर? पोस्टमास्तरांना चमचा मीच तयार करून दिला होता. देवानं असं करावं? ज्यानं आयुष्यभर त्याचे प्याले पुसले त्याच्याच फुप्फुसात जाऊन बसावं?

दादा आला होता. हॉस्पिटलात न्यायचं नाही, असं दादा, वहिनी आणि मी मिळून ठरवलं. बाबांना विचारलं तर त्यांनी पलंगाचा कठडा घट्ट धरला. डॉक्टर घरीच इंजेक्शनं देतील.

कवळी काढून ठेवावी लागली. चेहरा एकदम आत गेला. किती चेहरे असे पाहिलेत मी लॅबमध्ये, काही वाटत नाही. आज बघवेना. चमच्यानं सूप घातलं ते निम्मं ओठांवरून बाहेर आलं. मी लहान असताना चावून बाहेर काढलेला घास बाबा उचलून खायचे. आई ओरडायची, शी, उष्टं काय खाता तिचं! ते म्हणायचे, "पोरीचं कसलं आलंय उष्टं?"

शुक्रवार, २६ सप्टेंबर

वहिनी सकाळपासून मागे लागलीय, फादरांना बोलाव. मी आज बोलावते, उद्या बोलावते करतेय. मरणाच्या दारातल्या माणसाला लावायचं तेल घेऊन फादर आले की संपलं. लोक फादरांचे बूट जिन्यात ऐकतात आणि रडायला लागतात, हे मी आईच्या वेळी पाहिलंय. मला ते बूट ऐकायचे नाहीत.

"आणि ओस्तीशिवाय गेले तर?" वहिनी म्हणाली.

"जाणार नाहीत."

"अगं, गेले तर?"

कोरफडीला पाणी घालायला गेले. दोन दिवस विसरले होते.

बाबा आता डोळे उघडतात, पण बघतात ते फक्त माझ्याकडे. मी खोलीत शिरले की नजर माझ्याबरोबर फिरते. मला ती नजर सहन होत नाही. काहीतरी मागतायत आणि मला कळत नाहीये, असं वाटतं. पाणी दाखवलं, आईचा फोटो दाखवला, उशी बदलली. नाही, नाही, नाही. मी घाबरलेय. खूप घाबरलेय. इतकं लिहून ठेवते.

रविवार, २८ सप्टेंबर

बूट ऐकू आलेच. वहिनीनं परस्पर बोलावलं. मी तिच्याशी भांडायला वळले तर फादर दारात. नवीनच आलेत, पोरसवदा, सर्दीनं बेजार. मागे पोस्टमास्तर. आज ते "आलोय आम्ही" म्हणाले नाहीत.

मी सवयीनं स्वयंपाकघराकडे निघाले. बाबांच्या घशातून आवाज आला. शब्द नव्हता, नुसता आवाज. डावा हात उचलला होता. माझी बाही पकडली. थांबले.

फादरांनी बाबांच्या कपाळाला, तळव्यांना तेल लावलं. मग डबी उघडली. "ही तुमची वाटेची शिदोरी," असं म्हणाले, फार हळू. ओस्तीचा बारीकसा कण मोडला, चमच्यात ओला केला आणि धरला. "ख्रिस्ताचं शरीर."

कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं. बाबांना बोलता येत नाही. पोस्टमास्तर खाली बघत होते. दादा, वहिनी गप्प. बाबा माझ्याकडे बघत होते.

"आमेन," मी म्हटलं. बाबांच्या वतीनं. त्यांच्या वतीनं म्हटलं, माझ्या नाही.

कण त्यांच्या जिभेवर गेला. आम्ही सगळे त्यांच्या गळ्याकडे बघत राहिलो. गळा हलला नाही. पुन्हा वाट पाहिली. हलला नाही. मग त्यांची जीभ थोडी पुढे आली आणि कण खालच्या ओठावर येऊन थांबला, लाळेत भिजलेला. खाली ओघळणार होता. उशीवर पडला असता. फादरांनी हात पुढे केला, पण ते पलंगाच्या पलीकडे होते आणि मी अलीकडे. बाबांची नजर माझ्यावर होती.

मी बोटानं उचलला आणि खाल्ला.

काही विचार केला नाही. पडू द्यायचा नाही, एवढंच डोक्यात होतं. औषधाची कडू चव लागली, बाबांच्या तोंडाची चव लागली आणि मागून थोडी पिठाची. त्यांचं उष्टं. मग कळलं मी काय केलं ते. ना कन्फेशनमध्ये पापांची कबुली, ना तयारी, ना विश्वास!

"फादर," मी म्हटलं, "मी... चालतं का हे? मी घेत नाही. मला परवानगी नाही. म्हणजे मीच नाही घेत..." माझी नुसती ततपप.

फादरांनी नाक पुसलं. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, की सर्दी होती, माहीत नाही. "ताई, मी काय बोलू? ते तुम्हाला देत होते."

बाबांनी माझी बाही सोडली. कितीतरी दिवसांनी त्यांची नजर माझ्यावरून हलली आणि खिडकीकडे गेली. संध्याकाळी दिवे लावायच्या सुमाराला, मी तळवे चोळत असताना, श्वास थांबला. मी चोळतच राहिले. वहिनीनं माझे हात धरले.

मंगळवार, ३० सप्टेंबर

सकाळी लवकर चर्चमध्ये गेले. फादरांपुढे कन्फेशनला गुडघे टेकले आणि सांगितलं, सगळं सांगितलं, आईच्या पेटीपासूनचं. अजूनही खात्री नाही, हेही सांगितलं. भीतीच फक्त आहे, असं म्हटलं. फादर म्हणाले, कशाची भीती? सांगता येईना. पडू नये याची, म्हटलं. वाया जाऊ नये याची. ते म्हणाले, जिथे काहीच नाही तिथे कुणी असं घाबरत नाही. मला ते नीट कळलं नाही. लिहून ठेवते.

पेटीत बाबांना कवळी मी बसवली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. गाल भरले. माझे बाबा दिसायला लागले.

मिस्सेत रांग लागली. बाकातल्यांनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं, मी गुडघे वळवीन म्हणून. मी उठले. वहिनीनं कोपर धरलं. फादर म्हणाले, "ख्रिस्ताचं शरीर." समोर बाबांची पेटी होती. आईच्या वेळी होती तिथेच. मी आमेन म्हटलं. आवाज निघाला की नाही, शंका वाटतेय. पण फादरांनी ओस्ती दिली.

अख्खी होती. केवढी मोठी वाटली.

तोंडात घातली आणि ती गेली टाळूला चिकटून. पेटी उचलली. दारात लोक भेटायला येत होते, काहीतरी बोलत होते, मी नुसती मान हलवत होते. एका मावशींनी वहिनीला विचारलं, "ही बोलत का नाही?" वहिनीनं माझ्याकडे पाहिलं आणि काही उत्तर दिलं नाही.

जिभेनं सोडवली नाही. तोंड मिटलं आणि तशीच घेऊन बाबांच्या मागून चालत गेले.